श्रमाची पूजा आणि रजेचा हक्क

१

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की दोन गोष्टी आठवतात. एक कापूस आणि दुसरी सेवाग्राम. कापसाने या जिल्ह्याला बाजार दिला, रेल्वे दिली, जिन-प्रेस दिले, हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्या दिल्या. सेवाग्रामने एक विचार दिला. शरीरश्रम हे व्रत आहे, जो श्रम करीत नाही त्याला जेवण्याचा अधिकार नाही, हा तो विचार. या दोन्ही गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हा कापूस ज्यांच्या हातांतून गेला, आणि श्रम ज्यांच्या वाट्याला व्रत म्हणून नव्हे तर जन्मामुळे आले, त्या माणसांनी श्रमाबद्दल स्वतः काय म्हटले? त्यांनी काय मागितले? या प्रश्नाकडे आपल्या इतिहासकारांचे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे काही दुवे जुळविण्याचा प्रयत्न केला आहे.

माझी आजी हंगामात एका जिनात कामाला जात असे. दुपारच्या सुट्टीत माझी मोठी आत्या तान्ह्या भावाला कडेवर घेऊन जिनाच्या फाटकाशी येई. आजी फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत बसून त्याला पाजी, तिथेच भाकर खाई आणि भोंगा झाला की अंगावरची रुई झटकीत आत जाई. आत्या पोराला घेऊन घरी परते. आत्याची शाळा दुसरीतच सुटली. आजी कष्टाळू होती असे आमच्या घरात आजही अभिमानाने सांगितले जाते. आत्याची शाळा का सुटली, हे कोणी सांगत नाही. त्या कष्टाची किंमत एका आठ वर्षांच्या मुलीने भरली, हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दलित समाजाला कष्टाचे महत्त्व कोणी शिकविण्याची गरज कधीच नव्हती. त्याच्यापाशी नव्हता तो कष्ट थांबविण्याचा अधिकार. आपल्या चळवळीने मंदिराच्या दारासाठी आणि तळ्याच्या पाण्यासाठी जसा लढा दिला, तसाच तो माणसाच्या वेळेसाठीही दिला. आजारपणात निजण्याची वेळ, बाळंतपणात विसाव्याची वेळ, लेकराला जवळ घेण्याची वेळ, आणि पुस्तक उघडण्याची वेळ. ही वेळ मिळाल्याशिवाय श्रमाला प्रतिष्ठा येत नाही.

२

गावगाड्यातल्या महाराच्या कामाला घड्याळ नव्हते. मुंबई इलाख्यातील वतनी महारांच्या संदर्भात बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमके या गोष्टीवर बोट ठेवले होते. वतनदाराने रात्री-अपरात्री केव्हाही हजर झाले पाहिजे, आणि तो स्वतः नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला कामावर ओढले जाई. म्हणजे वतन एका माणसाचे, पण वेठीला सगळे घर. मध्यप्रांत-वऱ्हाडातली व्यवस्था वेगळी होती, जमीनपद्धती वेगळी होती. तरी हाक आली की उठायचे, हा नियम इकडच्या महारवाड्यालाही अनोळखी नव्हता.

नागपूर-वर्धा भागातल्या महाराचे मात्र एक वैशिष्ट्य होते. तो मोठ्या प्रमाणावर विणकर होता. जाडेभरडे कापड तो घरीच मागावर विणी. बायको सूत काती, पोरे कांड्या भरीत. हे काही सुखाचे जिणे नव्हते. पण माग घरात होता, पाळणा मागाशेजारी होता. १८६० च्या दशकात रेल्वे आली, हिंगणघाटचा कापूस मँचेस्टरला जाऊ लागला आणि तिकडचे कापड इकडच्या बाजारात उतरले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. माग बसला. विणकराच्या घरातली माणसे, पुरुष आणि बाया दोन्ही, गिरणीत आणि जिनात गेली.

या बदलाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. गिरणीने रोख पगार दिला, गावच्या पाटलाची हाक चुकविली, महारवाड्याबाहेरचे जग दाखविले. विदर्भातील आपल्या चळवळीचा पाया ज्या वस्त्यांनी घातला, त्यांत गिरणी-कामगारांच्या वस्त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्याच गिरणीने आईला पाळण्यापासून तोडले. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत, ही गोष्ट त्या काळच्या कामगार-चौकशांत नमूद झालेली आहे. ही आई निर्दय नव्हती. तिला दुसरा इलाज नव्हता.

कामगाराला आठवड्यातून एक दिवस आपला असावा, ही मागणी या देशात प्रथम संघटितपणे मांडली ती महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी-कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेला हजारो कामगार आले, आणि त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवार सर्वांचा आहे. तो सत्यशोधकांनी मिळवून दिला, हे किती जणांना ठाऊक आहे?

३

जुलै १९२८ हा महिना या दृष्टीने फार बोलका आहे.

त्या महिन्यात वर्ध्याला जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. सनातन्यांचा विरोध पत्करून केलेले ते कृत्य होते आणि त्याचे श्रेय बजाजांना दिलेच पाहिजे. त्याची हकिगत आजही वर्ध्यात सांगितली जाते.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब एका विधेयकाच्या बाजूने बोलत होते. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही काळ विसावा मिळावा आणि त्या काळात तिच्या पोटाला मिळावे, असे ते विधेयक होते. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की आईला मिळणारी ही विश्रांती राष्ट्राच्याच हिताची आहे. म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. परंतु बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९३० साली, मध्यप्रांतातही प्रसूति-लाभाचा कायदा झाला. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांतील बाया त्याच्या कक्षेत आल्या.

एका बाजूला देवाचे दार उघडले आणि दुसऱ्या बाजूला बाळंतिणीच्या खोलीचे दार मालकासाठी बंद झाले. मी या दोन घटनांना एकमेकींविरुद्ध उभे करीत नाही. परंतु पहिलीचा इतिहास लिहिला गेला आणि दुसरीचा गेला नाही, यावरून प्रस्थापित समाजाच्या दृष्टीत काय बसते आणि काय बसत नाही हे कळते.

४

एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० साली त्याचेच नाव सेवाग्राम झाले. त्या गावात बहुसंख्य वस्ती अस्पृश्यांची होती. मे १९३६ च्या प्रारंभी बाबासाहेब तेथे गांधीजींना भेटले. आदल्याच वर्षी येवल्याची घोषणा झालेली होती. गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यातील मतभेद धर्मापुरते नव्हते. श्रम म्हणजे काय, याविषयीही ते मतभेद होते.

गांधीजींच्या शिकवणुकीत प्रत्येकाने हाताने काम करावे, भंगीकामही आपले आपण करावे, असे होते. ब्राह्मणाने झाडू हाती घ्यावा, हे या देशात सांगणे सोपे नव्हते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नयी तालीम मांडली गेली. हस्तोद्योगातून शिक्षण हे तिचे सूत्र. चरखा संघात कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असा आग्रहही १९३५ साली गांधीजींनीच धरला. हे सारे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याने कधी हात मळविला नाही त्याच्यासाठी हा विचार खरोखर क्रांतिकारक होता.

प्रश्न असा की ज्याचे हात पिढ्यान् पिढ्या मळलेलेच होते, त्याला या विचाराने काय दिले? ज्याच्या घरी आजोबापासून माग होता त्याच्या मुलाला शाळेतही टकळी द्यायची? ज्याच्या आईची कंबर निंदणाने मोडली तिला श्रमाचे पावित्र्य सांगायचे? श्रीमंताने एक तास सूत कातले तर तो त्याग होतो. मजुराने बारा तास कातले तर ते पोट होते. एकाच कामाला दोन नावे मिळतात, कारण एकाला ते सोडता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवरील आपल्या ग्रंथात याच ठिकाणी घाव घातला. त्यांचे म्हणणे असे की पशू आणि माणूस यांच्यातील फरक संस्कृतीत आहे, आणि संस्कृतीला फुरसत लागते. पोट भरण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो त्याला मन वाढविता येत नाही. यंत्र ही फुरसत देऊ शकते. यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात जात असेल तर दोष समाजरचनेचा आहे, यंत्राचा नव्हे. चूल, चक्की आणि चरख्याकडे परत जा असे सांगणे म्हणजे बहुजनांना पुन्हा त्याच राबण्यात लोटणे होय. फुरसत म्हणजे आळस नव्हे, हे या विवेचनात गृहीतच आहे. स्वतः बाबासाहेबांइतके कष्ट किती माणसांनी केले? त्यांनी विरोध केला तो कष्टाला नव्हे, तर ज्या कष्टातून सुटका नाही अशा कष्टाला.

५

आणि ही गोष्ट केवळ ग्रंथात राहिली नाही. वर्ध्याहून रेल्वेने फार तर दोन तासांच्या अंतरावर, नागपूरला, जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिच्याबरोबर २० जुलैला दलित महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. २०-२५ हजार बाया जमल्या होत्या. या परिषदेने घटस्फोटाचा अधिकार मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हणून सांगितले, आणि एक ठराव कामगार स्त्रियांविषयी केला. तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा आणि एक महिना हक्काची रजा मिळावी. कामावर इजा झाली तर योग्य भरपाई मिळावी. वीस वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे. गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच नेमावी.

या मागण्यांचा नीट विचार करा. ज्यांच्या आजीला रजा हा शब्दच माहीत नव्हता, त्या बाया वर्षाचे दिवस मोजून मागत होत्या. दया करा, असे त्या म्हणत नव्हत्या. आम्ही काम करतो, म्हणून वर्षातले इतके दिवस आमच्या देहाचे आणि आमच्या घराचे आहेत, असे त्या म्हणत होत्या. मुकादमाच्या नजरेविषयी बोलायला त्यांना संकोच वाटला नाही. अध्यक्षीय भाषणात सुलोचनाबाई संततिनियमनावरही बोलल्या. काम, देह आणि कुटुंब हे तीन प्रश्न वेगळे नाहीत, हे या बायांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नव्हते.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, आणि जिनसारख्या हंगामी कारखान्यांत ६० वरून ५० वर. नागपूरच्या ठरावामुळेच हे कायदे झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे करार, युद्धकाळ, कामगार चळवळीचा रेटा, अशी अनेक कारणे होती. पण दोन गोष्टी नोंदवाव्याच लागतील. बायांनी महिना मागितला आणि कायद्याने दहा दिवस दिले. आणि ज्या खुर्चीवरून ते दहा दिवस मिळाले, त्या खुर्चीवर वतनी महाराचा मुलगा बसला होता.

६

इथवरचा इतिहास आपल्याला आवडणारा आहे. आता थोडे न आवडणारे.

मालकाकडून आपण तास मागून घेतले. घरात काय केले? आठ तासांची पाळी संपवून आलेला पुरुष ओट्यावर बसला, चावडीत गेला, सभेला गेला. तीच पाळी संपवून आलेली बाई चुलीशी बसली. तिचे आठ तास कधी संपले? आमच्या भागातील चळवळीच्या आठवणी सांगताना जुने कार्यकर्ते अभिमानाने सांगतात की आम्ही महिना महिना घरी जात नसू. खरे आहे. पण त्या महिन्यात घर कोणी चालविले, याचा उल्लेख त्या आठवणींत सहसा नसतो.

बाबासाहेबांना याची जाणीव होती. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. रमाईंनी गरिबीत, एकटीने, ते घर सांभाळले आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पाकिस्तानवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यात त्यांच्या सोसण्याची कृतज्ञ नोंद केली. महापुरुषाच्या कामाची किंमत त्याच्या घराने भरली, हे त्या महापुरुषाने स्वतः लिहून ठेवले. आपण मात्र रमाईंचा त्याग गातो आणि आपल्या बायकोकडून त्याच त्यागाची अपेक्षा ठेवतो. हे अनुकरण चुकीच्या बाजूने चालले आहे.

नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण येथे आठवते. उमरेडकडचे हे कुटुंब दुष्काळात नागपूरला आले. लहान वयात लग्न झालेल्या जाईबाई नागपूर-कामठी ओझी वाहून नेत. मिशनमधल्या एका बाईंनी त्यांच्यातली हुशारी हेरली, त्यांना लिहा-वाचायला शिकविले आणि शिक्षिका केले. १९२२ साली याच जाईबाईंनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसविण्यात आले, आणि १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी जाहीर सभा घेऊन त्याचा निषेध केला. जाईबाईंचे कष्ट ओझे वाहण्यात संपले असते तर आपण त्यांनाही कष्टाळू बाई म्हणून विसरलो असतो. कोणीतरी त्यांच्या डोक्यावरचे ओझे काही काळ उतरविले, म्हणून त्या शेकडो मुलींच्या हाती पाटी देऊ शकल्या. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी अशा बायांकडे जाऊन त्यांच्या हकिगती गोळा केल्या, म्हणून एवढे तरी हाती राहिले.

७

आज पुलगावची गिरणी बंद आहे. भोंगा वाजत नाही. ज्या बाया कारखान्यात होत्या त्यांच्या सुना-नाती पुन्हा वावरात आहेत. कारखान्यातल्या बाईला १९४८ च्या कायद्याने पाळणाघर मिळाले, १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा मिळाली, २०१७ साली ती २६ आठवड्यांची झाली. कपाशी वेचणाऱ्या बाईला यातले काय लागू पडते? तिला किलोवर मजुरी. जितके वेचेल तितके पैसे. म्हणून ती स्वतःच दुपारची भाकर लवकर आटोपते, पोटुशी असली तरी कमरेला ओटी बांधते. मालकाला मुकादम ठेवावा लागत नाही. किलोचा भाव हाच मुकादम. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. त्यात घरात किती दिवस बसता येते, हे तिलाच विचारावे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाणी आणि लेकरांसाठी सावली असली पाहिजे असे मानले होते. सरकारी कामावरच्या पोराला जी सावली हक्काची, ती खाजगी वावराच्या धुऱ्यावर निजलेल्या पोराला का नाही?

आणि अजूनही वेचणीच्या दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरी पडते. धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. माझ्या आत्याची गोष्ट संपलेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला वर्धा जिल्ह्यातून माणसे लेकराबाळांसह नागपूरला गेली. काही आगगाडीने, काही बैलगाडीने, काही पायी. त्यांनी जो धम्म घेतला त्याला मध्यम मार्ग म्हणतात. भोगात लोळणे नको, तसे देहाला छळणेही नको. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्ये सांगताना नोकराविषयी धन्याची कर्तव्ये आहेत. कुवत पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड असेल त्यात वाटेकरी करावे, आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात सुट्टीचा उल्लेख आहे. पती-पत्नीची परस्परांविषयीची कर्तव्येही त्याच सुत्तात, त्याच रांगेत आहेत. मालकाने सुट्टी दिली आणि नवऱ्याने दिली नाही तर धम्म अर्धाच पाळला गेला.

आपल्या मुलांना आपण कष्ट करा म्हणून सांगतो. सांगितलेच पाहिजे. परीक्षेसाठी, नोकरीसाठी, समाजासाठी झिजणारी माणसे आपल्याला हवीच आहेत. पण त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की ज्या रजेसाठी आपल्या आज्या नागपूरच्या मांडवात बसल्या होत्या, ती रजा घेणे हा कामचुकारपणा नाही. तो आपला वारसा आहे. आणि ज्याला ती मिळाली आहे त्याने सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसण्याआधी घरात डोकावून पाहावे, की आपल्या घरातली कोण अजून पाळीवर आहे.